गाभा काढून देणे

सूर्यफुलाच्या बिया खाऊन आमचा निळा मकाव पोपट लठ्ठ झाला, तेव्हा डॉक्टरांनी त्याला फळं सुरू करायला सांगितली. ‘सेब दीजिए, पर बीज बिल्कुल नहीं. उनमें ज़हर होता है.’

लगेच मला चार दिवस पुण्याला जायचं होतं. लेकीसाठी मी फ्रीजवर चिठ्ठी लावली: ‘मकावला रोज सफरचंदाचा गाभा काढून देणे.’

नवरा म्हणाला, ‘इथे हिंदी मुलखात, मयूर विहारात वाढलेली पोर ती. हिंदीत लिही.’ मी उसळलेच. आपल्या घरात मराठी चालणार नसेल, तर मग कुठे?

परतले तेव्हा दार उघडताच येणारी त्याची ‘आलीस का?’ ही हाक आली नाही. तो पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुलवून, डोळे मिटून बसला होता.

‘नीट खायला घातलंस ना?’

‘हो, आई. गाभा म्हणजे काय ते मोबाइलवर बघितलं. रोज काढून त्याला दिला, बियांसकट. चोचीने फोडून खातो यार! बाकीचं सफरचंद मी खाल्लं.’

मी फ्रीजवरची चिठ्ठी पुन्हा वाचली. तिने एकही शब्द चुकवला नव्हता.