ग्लाशा मावशीचं बोर्शेविक

"हात उन्हातनं काढा! आत, आत चला!" ओरडत ग्लाशा मावशीनं आपली ओढणी इनोकेंती पावलोविचांच्या मनगटावर टाकली आणि त्यांना ढकलतच जुन्या गोठ्यात नेलं. एवढे मोठे शास्त्रज्ञ, पण हातमोजा फाटला होता आणि बोर्शेविक नावाच्या त्या विषारी झाडाचा चीक उडाला होता. नुसत्या चिकानं काही होत नाही. त्यावर ऊन पडलं की कातडी भाजते. उकळतं तेल सांडल्यासारखे फोड येतात, आणि डाग वर्षानुवर्षं जात नाहीत.

"मॉस्कोच्या सूचनेत लिहिलंय, सूर्य मावळल्यावर कापा," ते हात धूत म्हणाले.

"मावळेल की. जुलै संपता संपता मावळेल. तोवर चहा घ्या."

त्यांची मदतनीस एल्झा हसून हसून भिंतीला टेकली. आमच्याकडे उन्हाळ्यात सूर्य नुसता आभाळाच्या कडेनं फिरत राहतो. तो मावळेपर्यंत झाड बी टाकून मोकळं होतं. म्हणून ती दोघं भर उन्हात डोक्यापासून पायापर्यंत रबरी कपडे घालून कापायची. मावशी त्यांना चालते तंबू म्हणायची.

मी बोट चालवते. शाळा आठवीत सोडली, ते एक बरं केलं. गावातनं मावशीकडे, बहिरं टोक म्हणतात त्या भूशिरावर, पीठ, रॉकेल, टपाल नेते आणि उन्हाळ्यात या दोघांना.

हे झाड आमचं नाही. कुठल्या दक्षिणेकडच्या डोंगरातलं, सरकारनं गाईंच्या चाऱ्यासाठी पाठवलेलं. मावशी तेव्हा सतरा वर्षांची, गोठ्यावर दूध काढायची. तिनंच हातानं पेरलं. दूध कडू झालं. मग गोठा बंद पडला, लोक खिडक्यांना फळ्या ठोकून निघून गेले, नवरा मुर्मान्स्कला गेला तो तिकडचाच झाला. टोकावर दोघंच उरली, पुरुषभर उंच वाढलेलं बोर्शेविक आणि मावशी.

ती हवामानाची यंत्रं बघते आणि रेडिओवर सांगते. तापमान, वारा, दाब. पलीकडून आवाज येतो, "मिळालं." हिवाळ्यात महिनोन्‌महिने तिच्याशी एवढंच कुणी बोलतं.

म्हणून शास्त्रज्ञ यायचे ते तीन आठवडे ती मासे भरलेला पाव भाजायची, मोरोश्का बोरांचा मुरंबा काढायची, कानातलं घालायची.

"मावशी, कानातलं कुणासाठी गं?"

"बोर्शेविकसाठी. तू तुझी बोट बघ."

पाचव्या उन्हाळ्यात चहा पिताना इनोकेंती पावलोविच मावशीला तिच्या पूर्ण नावानं म्हणाले, "ग्लाफिरा साव्विश्ना, यंदा संपलंच म्हणायचं. आता संस्था आम्हाला पाठवायची नाही."

"बरं झालं. पीडा गेली," मावशी म्हणाली आणि तापमान बघायला बाहेर गेली. ती वेळ तापमान बघायची नव्हती.

मी पाण्याला ओढ्यावर गेले, तर न्हाणीघरामागं, उभ्या केलेल्या फळ्यांच्या आड, बोर्शेविकचं एक बेट. चांगलं फुललेलं. फळ्या नव्यानं लावलेल्या होत्या. मागं मावशी येऊन उभी.

"काय बघतेस, ताया?"

"ओढा."

"बघून झाला?"

"झाला."

मी कुणाला सांगणार नव्हते. अख्खी संस्था चौकशीला आली असती तरी नाही. आमची मावशी आठ महिने वाऱ्याच्या यंत्राशी बोलत बसते. चार झाडांनी दोन माणसं येत असतील, तर येऊ देत की!

निघताना इनोकेंती पावलोविच बोटीपाशी थांबले. "मी येईन पुन्हा."

"कशाला?" मावशी म्हणाली. "इथं काय ठेवलंय?"

ते बोटीत चढले. बोट निघाली तरी मागंच बघत होते.

ऑगस्टच्या अखेरीस पीठ घेऊन गेले, तर मावशीच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत चिंध्या गुंडाळलेल्या. न्हाणीघरामागं नुसती काळी, खणलेली माती.

"एकटीनं कापलंस? अगं, मला बोलवायचं!"

"फुलं बियांवर आली होती, वेळ कुठला? चीक उडाला, वर ऊन. ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून ओरडले पण नाही."

"पण ते आले असते ना त्याच्यासाठी!"

"हा ओढा कुठं जातो?"

"समुद्रात."

"आणि तिथनं बी कुठं लागणार? तुमच्याच गावच्या वाळूवर. पोरं उघडीनागडी खेळतात तिथं. एकदा पेरलंय मी, तेव्हा अक्कल नव्हती. आता पुन्हा पेरू?"

मी चिडले. उगाच चिडले. मावशीनं माझ्यासमोर पीठ पिशवीतनं डब्यात ओतलं, एका हातानं, सांडत सांडत, मला हात लावू दिला नाही. संध्याकाळी तिनं रेडिओ लावला. तापमान, वारा, दाब. मग म्हणाली, "संस्थेला कळवा. बोर्शेविक संपलं. एकही उरलं नाही."

"मिळालं," पलीकडून आवाज आला.

पुढच्या उन्हाळ्यात कुणी आलं नाही. मी धक्क्याला लागले की मावशी वरनं विचारायची, "बोटीत कोण आहे?"

"मीच."

"तू तर असतेसच," म्हणायची आणि किटली ठेवायला जायची.

दोन वर्षांनी मुर्मान्स्कच्या बाजारात एल्झा भेटली. मी तिला त्या बेटाचं सांगितलं. मला वाटलं, चाट पडेल. ती म्हणाली, त्यांना माहीत होतं. इनोकेंती पावलोविचांनी त्या शेवटच्या उन्हाळ्यात आल्या दिवशीच ते पाहिलं होतं आणि तिला बजावलं होतं, "तू काही बघितलं नाहीस. पुढच्या वर्षी यायला मला काहीतरी निमित्त लागेल."