करड्या गोलातले पाहुणे

पुण्याच्या हेड ऑफिसनं आम्हाला एक खोली दिली. भिंती नाहीत, दार नाही, साधा पंखासुद्धा नाही. कंपनीच्या पोर्टलवर प्रत्येक शाखेची एक 'व्हर्च्युअल रूम' निघाली आणि फर्मान सुटलं, की सकाळी आल्या आल्या त्या रूममध्ये जायचं आणि संध्याकाळपर्यंत तिथंच राहायचं. बोलायचं तिथं, फायली द्यायच्या-घ्यायच्या तिथं, भांडायचं असलं तरी तिथंच.

आता आमची परभणीची शाखा म्हणजे काय, तर खताच्या दुकानावरचा एक हॉल. ठिबकच्या नळ्या विकणारी कंपनी अन् माणसं चार. साहेब, गोडाऊन बघणारे पोखर्णीचे भाऊ, जिंतूर तालुका पालथा घालणारा चारठाण्याचा फिल्डवाला, आणि बिलं-ऑर्डरी बघणारी मी. भाऊंचं टेबल माझ्या टेबलाला चिकटलेलं. ते शिंकले की माझे कागद उडायचे. पण हुकूम तो हुकूम! भाऊ शेजारी बसून एका बोटानं लिहायचे, "ताई, चहा आला." मी लिहायची, "दिसला."

रूममध्ये जायला एक बटण दाबलं की झालं. भाऊ मात्र बटण दाबून उंबऱ्यातच उभे. "राम राम. येऊ का?" असं लिहायचे, आणि कुणी "या, बसा" म्हणेपर्यंत पुढचं अक्षर नाही. निघताना "येतो मग." त्यावर "या" आलं नाही तर बिचारे निघायचेच नाहीत, मोटारसायकलची चावी हातात धरून स्क्रीनकडं बघत बसायचे. साहेब एकदा वैतागले. "भाऊ, सोयरीक जुळवायलाव का हितं?"

"सोयरीक न्हाई साहेब, पण माणसं बसल्यालीत ना आत?"

पुढच्या आठवड्यात बघते तर साहेबच लिहीत होते, "येऊ का?"

असं हसतखेळत चाललं होतं, तोच बातमी आली, की पुणे लहान शाखा बंद करून नांदेडला जोडणार. साहेबांनी दार लावून आम्हाला सांगितलं, "रूम बघायलेत ते. ज्या शाखेची रूम रिकामी दिसंल, ती शाखा गेली."

बाकीच्यांना बदलीची धास्ती. मला बदलीची नव्हती, कारण मला नांदेडला कुणी पाठवणारच नव्हतं. आमच्या मालकांनी, म्हणजे नवऱ्यानं, जेवता जेवता निकाल देऊन टाकला होता, "शाखा गेली तर गेली. घरी बस, काय बिघडतंय?" काय बिघडतंय म्हणे! अहो, सासू माझी वाईट नाही, पण समोर बसलेलं माणूस तिला बघवत नाही. लगेच त्याच्या पुढ्यात लसूण येतो सोलायला. अख्ख्या परभणीत मला कुणी लसूण देत नाही अशी एकच जागा होती, ती म्हणजे खिडकीजवळची माझी खुर्ची. साडेनऊला डबा घेऊन मी जिना चढायची, खिडकी उघडायची, आणि बाकीचे येईपर्यंत खालची ऑटोवाल्यांची भांडणं बघत एकटीच चहा प्यायची. त्या चहासाठी मी नोकरी करत होते म्हटलं तरी चालेल. ती खुर्ची गेली असती तर मी येडी झाले असते, खरंच सांगते.

म्हणून मी पदर खोचला. रूम रिकामी दिसायची काय बिशाद! सकाळी सगळ्यांना राम राम, दुपारी कुणाच्या डब्यात काय, फिल्डवाला कुठल्या फाट्यावर पंक्चर झाला, भाऊंच्या गाईचं दुखणं, सगळं मी खोदून खोदून विचारायची आणि लिहून घ्यायची. मधेमधे नळ्यांचंही बोलायचो. कामही चोख होऊ लागलं, ही गंमतच. ऑर्डर आल्याबरोबर चौघांना कळायची, गोडाऊनमध्ये काय हाय काय न्हाई ते फिल्डवाल्याला बांधावर उभ्या उभ्या दिसायचं.

आणि एक दिवस रूममध्ये पाचवा माणूस दिसला. फोटो नाही, नाव नाही. नुसता करडा गोल अन् त्यात इंग्रजीची दोन अक्षरं. बोलत काही नाही, बसलेला.

भाऊंनी लगेच लिहिलं, "या पाहुणे, बसा. पाणी घ्या."

मला वाटलं साहेबांचा कुणी असेल. साहेबांना वाटलं भाऊंचा भाचा. फिल्डवाल्याला वाटलं माझ्या माहेरचं कुणीतरी. विचारलं कुणीच नाही. आमच्याकडं बसलेल्या माणसाला "तुमी कोण, कशाला आलाव" असं विचारत नाहीत. पाणी देतात, चहा देतात, जेवायला वाढतात. तो आपणहून सांगेल तेव्हा सांगेल. न सांगता उठून गेला तरी त्याला फाट्यापर्यंत सोडून येतात. तेच आम्ही केलं. रोज दुपारी भाऊ त्या गोलाला विचारायचे, "पाहुणे, जेवण झालं का?" आणि काही दिवसांनी गोल बोलायला लागला. "झालं." मग, "तुमचं?" मग तर स्वतःहून, "ताई, आज डब्यात काय?" मी लिहायची, ज्वारीची भाकरी अन् मेथी. तो लिहायचा, "वा." पुण्याकडचं बोलणं, पण माणूस गोड.

त्याच्यादेखत आम्ही पुण्याचा उद्धार करायचो, तो वेगळाच. "ठिबकची नळी अन् पायजम्याची नाडी यातला फरक कळत न्हाई ह्यांना," असं साहेब स्वतः लिहायचे. पाहुणा हसण्याची चित्रं पाठवायचा.

एका दुपारी फिल्डवालाही हॉलमध्येच होता, तेव्हा त्या गोलातून आवाज आला. आम्ही चौघं दचकलोच! सर्दी झाल्यासारखा आवाज होता. म्हणाला, मी हेड ऑफिसकडून बोलतोय, शाखांच्या रूम पाहण्याचं काम माझ्याकडं आहे.

साहेबांनी भाऊंकडं बघितलं. भाऊंनी माझ्याकडं. साहेबांनी भाऊंना विचारलं, "तुमचा न्हाई व्हय हा?" "माझा कशाला? तुमचाच ना!" साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांना ती नाडी आठवली असणार.

पण पाहुणा पुढं म्हणाला, "तुमची रूम सगळ्या शाखांत सर्वांत जिवंत आहे. माणसं येतात, बसतात, एकमेकांची चौकशी करतात, काम अडत नाही. मी तसंच वर सांगितलं." वाचली, खुर्ची वाचली! "त्यामुळे कोणाचीही बदली होणार नाही. तुमचं सगळं रूममध्येच इतकं छान चालतं, की वेगळ्या ऑफिसची गरजच नाही. महिनाअखेर हॉल सोडायचा. सगळ्यांनी आरामात घरून काम करा."

फिल्डवाल्यानं शिट्टी मारली. भाऊंनी हात जोडले. साहेब तर पेढे आणायला निघाले. मी खिडकीतून खाली बघत होते. दोन ऑटोवाले भांडत होते. मला त्यातलं काहीएक ऐकू येत नव्हतं. मीच रोज पाणी घालून वाढवली होती ती रूम, दुसऱ्या कुणाला शिव्या द्यायच्या?

महिना संपला. कंपनीनं हॉल सोडला, माझी खुर्ची भाऊंच्या गोडाऊनला गेली. आता मी स्वयंपाकघराच्या ओट्याशी स्टूलवर लॅपटॉप मांडून बसते. पहिल्याच दिवशी सासूबाई म्हणाल्या, "घरीच हायस ना? मग एवढा लसूण सोल." रूममध्ये करडा गोल बसलेलाच होता. त्यानं लिहिलं, "ताई, मजा आहे ना आता?"

माझं डोकं फिरलं. जे कधीच विचारत नाहीत ते मी विचारलं. "पाहुणे, तुमी सोता कुठं बसताव कामाला?"

त्यानं लिहिलं, "घरातच. हेड ऑफिसातली आमच्या विभागाची जागा तुमच्या आधीच बंद झाली, ताई. मी एकटाच असतो. तुमच्या रूमची तपासणी केव्हाच झाली होती. नंतर नुसता येऊन बसायचो."

"मग मेल्या," मी लसणाच्या बोटांनी लिहिलं, "आम्हाला कशाला घरी बसवलंस?" लिहिलं अन् पाठवलं. पुसलं नाही.

गोलाखाली तीन ठिपके हलत राहिले. थांबले. परत हलले. मग आलं, "ताई, जेवण झालं का?"

सासूबाई हाका मारत होत्या. मी लसूण बाजूला सारला. मग लिहिलं, "न्हाई. बसा."