घराकडे कललेला ऐन

ऐका, हे आत्ताच सांगायचंय, नाहीतर आज माझ्याकडून दुसरं काहीच होणार नाही. आत्ताच वाडीतून परत आलेय, पायाचा चिखलसुद्धा धुतला नाहीये. टायपिंगच्या चुका चालवून घ्या.

मी महाडची. सध्या जंगलातली झाडं मोजायच्या कामावर आहे. घेराचं सोपं असतं, टेप गुंडाळली की झालं. उंचीला मात्र लांब उभं राहून शेंड्याकडे यंत्र रोखायचं आणि कोनावरून हिशोब काढायचा. सोबत एक दादा असतो, या कामात माझ्याहून जुना.

काल पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीत होतो. काम आटपून निघालो, तर शेवटच्या घरातल्या काकींनी हाक मारली.

"अगो पोरी, झाडं मोजता ना तुमी? मग आमचा ऐन पन बगा. पडला तर घरावर येल का, येवडंच सांगा."

ऐनाचं झाड घरामागच्या चढावर. काकींची लेक बाळंतपणाला आलेली, बाळ अगदी तान्हं. मागची खोली चुलीला लागून, छान उबदार. पण ऐनाच्या भीतीने लेकीची बाज पुढच्या पडवीत टाकलेली, आणि तिथे नुसता वारा. बाळाचं नाक सारखं वाहत होतं.

खाली घर आडवं येत होतं, म्हणून दादाने चढावर जाऊन वरूनच माप घेतलं. मी टेपने बुंध्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर काढलं.

"नाय पोचत, काकी," दादा म्हणाला. "भिंतीच्या अलीकडेच आडवा होईल. बिनधास्त झोपा."

काकी एवढ्या खूश झाल्या! चहा टाकला, आणि आमच्यासमोरच बाज आत नेली. एक बाजू काकींनी धरली, दुसरी मी.

संध्याकाळी महाड स्टँडवर वडापावची वाट बघत मी फोटो चाळत होते. एकात बाळ माझ्या मांडीवर, घराच्या बाजूच्या गोठ्याशेजारी. आणि मागे ऐन... चक्क घरावर वाकलेला!

वरून बघताना हे कळलंच नव्हतं. चढाकडच्या फांद्या दरवर्षी राबासाठी तोडतात, म्हणजे भात पेरायच्या आधी जमीन भाजायला. घराकडच्या सावलीसाठी ठेवलेल्या. सगळा भार घराकडेच. आणि झाड आपल्यापासून पलीकडे कललेलं असलं की शेंडा लांब जातो, कोन लहान येतो आणि उंची कमी निघते.

वडापाव तसाच राहिला. दादाला फोन केला.

"अगं, ते झाड आपल्या मोजणीत तरी हाय का? कशाला डोकं खातेस?"

"बाज मी उचलली ना रे!"

त्याचा सूर बदलला. मग म्हणाला, "उजाडताच निघू. आणि गाडीवर रडायचं नाय."

वाडीत रेंज नाही. काकींना कळवायचं कसं? रात्री आमच्याकडे पत्रा वाजला की मी दचकून उठायचे.

सकाळी शेवटच्या वळणावरून आधी शेंडा दिसला. उभा होता! या वेळी गोठ्याकडून, आडव्या बाजूने माप घेतलं. दोघांनी वेगवेगळं. आमचे आकडे एकमेकांशी जुळले नाहीत, पण दोन्ही भिंत ओलांडून खोलीत जात होते. अगदी बाजेपर्यंत.

काकींनी ऐकून घेतलं. "काल नाय बोललात, आज हाय बोलता. उद्या काय बोलाल गो?"

लेक मात्र बाळाला घेऊन बाहेर आली.

दादा म्हणाला, "तोडायच्या परवानगीचा अर्ज मी लिहून देतो, काकी."

"आनि ती येस्तवर?"

बाज परत पडवीत. पुन्हा एक बाजू काकींनी धरली, दुसरी मी. दादाने वाऱ्याच्या अंगाला ताडपत्री बांधली. काकींनी आज चहा विचारला नाही. आम्ही निघालो तेव्हा ताडपत्री फडफडत होती आणि आत बाळ शिंकत होतं.

तुमच्या बाबतीत झालंय का असं? तुम्ही सहज सांगितलेल्या आकड्यावर कुणी आपलं अंथरूण हलवलंय? मग पुढच्या वेळी आकडा सांगताना तुमचं तोंड उघडलं का?