शिशावर तरंगलेलं नाणं

मी पायाळू जन्मले. म्हणजे डोक्याआधी पाय बाहेर आले, आणि आईच्या म्हणण्याप्रमाणे तेव्हापासून माझं सगळं उलटंच आहे. आमच्या येडगावात पायाळू माणसाला मान असतो. कुणाच्या पाठीत उसण भरली की त्याने पालथं पडायचं आणि पायाळू माणसाने त्याच्या पाठीला पाय लावायचा. पाच वर्षांची असल्यापासून मी शेजारपाजारच्या पाठींवर पाय दिलेत. शेजारच्या सरूबाईने तर बरं वाटल्यावर पेरू आणून दिले होते. नाना, म्हणजे माझे वडील पोपट, हे बघून हसायचे. "आमी बौद्ध. असलं काय मानत न्हाई," म्हणायचे आणि पेरू मात्र खायचे.

पायाळूबद्दल आणखी एक समज आहे. डोळ्यांत अंजन घातलं की त्याला जमिनीत पुरलेलं धन दिसतं म्हणे. हे मला दहाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं त्या वर्षी मी घाबरायला शिकले, आणि ते शिक्षण अजून पुरतं विसरलेले नाही.

नानांचं काम शिशाचं. धरणावर मासे धरणाऱ्यांच्या जाळ्यांना काठाने वजन लागतं, त्या शिशाच्या गोळ्या नाना ओतायचे. घराला लागून पत्र्याची शेड, तिच्यात शेगडी, लोखंडी कढई, साचा आणि लांब दांड्याची पळी. जुन्नरच्या भंगारवाल्याकडून शिशाचे तुकडे यायचे, ते वितळवायचे आणि पळीने साच्याच्या बारीक भोकांत ओतायचं. एवढ्या वर्षांत त्या पळीतून एक थेंब इकडचा तिकडे पडला नव्हता. भोक ज्वारीच्या दाण्याएवढं असलं तरी धार बरोबर त्यातच जायची. बिडी ओढताना हात थरथरायचा, पळी धरली की दगड व्हायचा. मासे धरणारे नुसतं बघायला उभे राहायचे.

एक्क्याण्णव साली कढईत त्यांना हत्ती दिसला. बोटाच्या पेराएवढी शिशाची चकती होती, तिच्यावर सोंड वर केलेला हत्ती, आणि नानांचं लक्ष गेलं तोवर त्याचे पाय वितळले होते. चिमट्याने बाहेर काढेपर्यंत सोंडही गेली. जुन्नरच्या शेतांत नांगर फिरला की अशा चकत्या वर येतात. खुरपणाऱ्या बाया त्या गोळा करून भंगारात घालायच्या आणि भंगारातून त्या आमच्या कढईत यायच्या. म्हणजे नाना पंधरा वर्षं दोन हजार वर्षांपूर्वीच्या राजांची नाणी वितळवून माशांच्या जाळ्यांना लावत होते. हे कळल्यावर त्यांना दोन दिवस जेवण गेलं नाही. "किती हत्ती मारलं म्यां, द्रौपदा," असं आईला म्हणत बसायचे. आई म्हणाली, "मेलेल्या हत्तीसाठी जित्त्या माणसांनी उपाशी ऱ्हायचं का?"

तेव्हापासून नानांना नाद लागला. भंगार आलं की आधी गोणपाटावर पसरायचं, चकत्या वेगळ्या काढायच्या, साध्या पाण्यात दातांच्या जुन्या ब्रशने धुवायच्या. चिंच लावायला त्यांनी आईला सक्त मनाई केली होती. भंगारवाल्याकडून कळलं तर कुठल्या शिवारातली तेही चिठ्ठीवर लिहायचे. हे सगळं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. मला वाचता येऊ लागल्यावर चिठ्ठ्या मी लिहायला लागले, कारण नानांचं अक्षर त्यांनाही लागत नसे.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात डब्यात एक वेगळंच नाणं आलं. तांब्याचं, हिरवं पडलेलं. एका बाजूला कुरळ्या केसांच्या माणसाचं तोंड आणि भोवती अक्षरं, पण मराठी नाहीत, इंग्रजीही नाहीत. नाना ते घेऊन जुन्नरला राजरत्न सरांकडे गेले, मला सायकलवर पुढे बसवून. सर इतिहास शिकवायचे आणि आमच्या नात्यातलेच होते. त्यांनी भिंग लावलं, पुस्तकं काढली, पानं चाळली. मग म्हणाले की अक्षरं ग्रीक आहेत, चेहरा रोमच्या बादशहाचा आहे, पण नाणं रोमचं नाही. रोमच्या ताब्यातल्या, समुद्रापलीकडच्या एका प्रांतातल्या शहराने आपल्या बाजारासाठी पाडलेलं आहे. असलं नाणं सहसा आपला मुलूख सोडून जात नाही.

"म्हंजी तालुक्याचं नाणं," नाना म्हणाले.

सर हसले. "तालुक्याचंच. आणि बघा, कोणाच्या कनवटीला लागून आपल्या तालुक्यात आलं." मग ते गंभीर झाले. "पोपटभाऊ, जमिनीत सापडलेलं सरकारला कळवावं लागतं. सगळा डबा जमा करा. मी येतो बरोबर."

"देतो की," नाना म्हणाले. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि मला कळलं की ते देणार नाहीत. त्या नाण्यावर त्यांचा जीव जडला होता. रोज कामाआधी ते तळहातावर घ्यायचे, पुसायचे आणि परत ठेवायचे.

चूक झाली ती दिवाळीनंतर. भिका नावाचा मासे धरणारा गोळ्या न्यायला आला होता. डबा पाहून म्हणाला, "भाऊ, तुमालाच कशी वं सापडत्यात ही?"

नाना चेष्टेत म्हणाले, "आमची कल्याणी पायाळू हाय न्हवं. ती बोट दावती, मी उचलतो."

दोघं पोट धरून हसले. मीही हसले. जे आपण मानत नाही त्याची चेष्टा करायला माणूस बिचकत नाही, तेच झालं. ऐकणारा मानत असेल, त्याच्या शेजारचा त्याहून जास्त मानत असेल, हे नानांच्या ध्यानात आलं नाही. भिका मनाने वाईट नव्हता. त्याने फक्त ती गोष्ट चार ठिकाणी सांगितली.

महिनाभराने पांढरी जीप आली. दोन माणसं उतरली. एक वयस्कर, सफारी घातलेला, गोड बोलणारा. दुसरा तरणा, तो बोलतच नव्हता. गोळ्या हव्यात म्हणाले, पण गोळ्यांकडे पाहिलंही नाही. वयस्कराने मला जवळ बोलावलं, नाव विचारलं, कितवीला आहेस विचारलं. मग आईला म्हणाला, "ताई, पोरीच्या अंगावर कुठं डाग हाय का? भाजल्याचा, कुत्रं चावल्याचा?"

आई अभिमानाने म्हणाली, "न्हाई वं. इतकी जपलीय, साधं खरचटू दिलं न्हाई."

"लई चांगलं," तो म्हणाला आणि माझ्या हातात हिरव्या बांगड्या ठेवल्या.

संध्याकाळी भिका आला. उंबऱ्याच्या आतसुद्धा येईना. त्या माणसांनी त्याच्याकडेच आमचं घर विचारलं होतं. खाली बघून तो म्हणाला, "भाऊ, माझ्या तोंडाला आग लागू द्या. ती धन काढणारी माणसं हायेत. त्यान्ला पायाळू पोर लागतं, आन ते बिनडागाचं लागतं. डागी त्यान्ला चालत न्हाई. अंजन घालून थांबत न्हाईत असं म्हणत्यात लोकं."

थांबत नाहीत म्हणजे पुढे काय करतात, हे कोणी बोललं नाही. आईने माझ्या हातातल्या बांगड्या ओरबाडून काढल्या, एक फुटून तिच्याच बोटात घुसली. त्या दिवसापासून आमच्या घरात भीती राहायला आली. आई मला परसातही एकटी सोडेना. मला वाटायचं की माझ्या पायांत काहीतरी आहे, वास येतो त्यांचा, आणि त्या वासावर माणसं येतात. मी अंघोळीला पाय दगडाने घासायचे.

आठ दिवसांनी तो तरणा शाळेच्या फाटकाशी उभा होता. "तुझ्या वडलांनी बोलीवलंय, जीपमध्ये बस." नाना कधी कोणाला पाठवत नसत, ते स्वतःच सायकलवर यायचे. मी मागे वळून पळाले ती थेट बाईंच्या टेबलाखाली. नाना येईपर्यंत तिथून निघाले नाही. त्यांना पाहिल्यावर मला माझ्याच कपड्यांची लाज वाटली, कारण ते ओले झाले होते.

नाना पोलिसांत का गेले नाहीत, असं आता लोक विचारतात. डब्यामुळे. सरकारला न कळवलेली साठ-सत्तर नाणी घरात, आणि तक्रार काय, तर लोक समजतात माझ्याकडे धन आहे. डबा मुकाट्याने जमा करावा, तर पेपरात छापून येणार की येडगावात धन सापडलं. मग एका जीपच्या दहा जिपा. नाना दोन्हीकडून अडकले होते. ते वाळत चालले. बिडी हातात तशीच विझायची.

मग वयस्कर पुन्हा आला, तसाच गोड. "रविवारी सकाळी येतो. पोरीला तासाभरासाठी न्यू द्या, अंजन घालू, आणून सोडू. निम्मं तुमचं." नानांनी नाही म्हटल्यावर हसला. "पोरगी शाळेत रोजच जाती की, भाऊ."

तो गेल्यावर आई उठली, शेडमध्ये गेली आणि नानांची पळी शेगडीत तापवून आली. लाल झालेली पळी. मला म्हणाली, "पाय दे." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "एक डाग पडला की सुटली तू. दे."

नानांनी तिचा हात वरच्या वर धरला. इतके चिडलेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "माझ्या लेकराला डाग द्यायचा? मी जित्ता असताना?" पळी त्यांनी पाण्याच्या बादलीत टाकली आणि ती चर्रकन वाजली. मग ते डबा मांडीवर घेऊन बसले.

रविवारी सकाळी नानांनी शेगडी शेडमधून अंगणात आणली. मासे धरणाऱ्यांना, आळीतल्या लोकांना बोलावणं धाडलं होतं. जीप आली. दोघं उतरले आणि गर्दी बघून थबकले. "या की पावणं," नाना म्हणाले. "माझं धन बघायचं व्हतं न्हवं?"

त्यांनी डबा उघडून सगळ्यांसमोर फिरवला आणि कढईत रिकामा केला. चिठ्ठ्या आगीत टाकल्या, माझ्या अक्षरातल्या. हत्ती एकेक करून खाली बसले. सहा-सात वर्षं जपलेलं चिलीमभर वेळात पाणी झालं. नाना म्हणाले, "हे शिसं. ह्याच्या गोळ्या व्हणार. पोरीनं काय दावलं न्हाई, भंगारातनं आलंय." त्यांचा आवाज फुटला होता आणि त्यांनी तो लपवला नाही.

तेवढ्यात शिशावर काहीतरी वर आलं. ते तांब्याचं नाणं. तांबं त्या आगीत वितळत नाही आणि शिशापेक्षा हलकं असतं, म्हणून तो कुरळ्या केसांचा बादशहा तोंड वर करून तरंगत होता. गर्दी मागे सरली. कोणीतरी हात जोडले. वयस्कर मात्र दोन पावलं पुढे आला. त्याचे डोळे नाण्यावरून माझ्यावर आले. "बघा," तो हळूच म्हणाला, "धन आपून वर आलं. पोरगी हितं हाय म्हणून आलं." लोकांत कुजबुज झाली. मी आईच्या मागे सरकले. नानांचा सगळा बेत तिथेच बुडाला होता.

"कल्याणी," नाना म्हणाले, "हितं ये. माझ्यापाशी उभी ऱ्हा."

मी गेले. त्यांनी पळीने नाणं उचललं, थोड्या शिशासकट, आणि ते बादलीकडे वळले. वळताना पळीतून थेंब सांडला. माझ्या उजव्या पावलावर पडला.

मी कशी ओरडले ते मला आठवत नाही, आईला आठवतं. तिने पाण्याची कळशी पायावर ओतली. शिसं निघालं, त्याच्याबरोबर कातडीही निघाली. नाना पळी धरून तसेच उभे होते. वयस्कर वाकला आणि त्याने माझा पाय नीट पाहिला, बैलाचा पाय बाजारात पाहतात तसा. मग तरण्याला म्हणाला, "चल. डागलं." जीप गेली ती परत आली नाही.

पुढच्या आठवड्यात नानांनी ते एक नाणं सरांबरोबर जाऊन सरकारात जमा केलं. बाकीचे हत्ती वितळवले हे ऐकून सर वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत. नानांनी पुन्हा एकही चकती बाजूला काढली नाही. आलेलं भंगार ते न बघता कढईत टाकायचे. मला मात्र बारावीपर्यंत सायकलवर सोडायला आणि न्यायला आले, मोठ्या मुली हसायच्या तरी.

मी नर्स झाले. दोन हजार दहाला नाना फुप्फुसाच्या दुखण्याने माझ्याच वॉर्डात होते. एका दुपारी भाजलेल्या बाईचं ड्रेसिंग करून मी त्यांच्याजवळ येऊन टेकले. चपला काढल्या होत्या. त्यांचं लक्ष माझ्या पावलावर गेलं, तिथे हरभऱ्याएवढा पांढरा डाग आहे. मी सहज म्हणाले, "नाना, त्या दिवशी तेवढा एकदाच तुमचा हात हलला."

ते उशीवर जरा वर सरकले. मग म्हणाले, "थेंब बारकाच घेतला व्हता, बाय."