आबांना हरवणारी पहिली चाल

मंडळी, आज मलकापुरातल्या आमच्या घरी माझे सासरे, फौजेतून निवृत्त झालेले आबा, माझ्या लेकीने लिहिलेल्या बुद्धिबळाच्या प्रोग्रॅमकडून पहिल्यांदा हरले.

"रोज राजाम्होरलंच प्यादं काढतंय, लय ढ हाय तुझं मशीन," असं ते तिला चिडवायचे. म्हणून ज्या सुरुवातीने हार होते ती कमी वेळा खेळायला तिने त्याला शिकवलं. आज त्याने वजिरापुढचं प्यादं काढलं आणि आबा अडकले.

"शिकलं की गं! शाब्बास!"

"आबा, एका डावावरून नका ठरवू. अधूनमधून ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं कुठलीही सुरुवात निवडतं. योगायोगही असेल."

"मग मांड परत!"

जिंकण्यापेक्षा तिच्या या उत्तराचा मला जास्त अभिमान वाटला. मी शाबासकी घेऊन गप्प बसले असते. तुम्ही?