आईच्या कादंबरीत तो बुडत नाही

मंडळी, आज काशीमिऱ्याच्या ट्रॅफिकमधून घरी पोचलो तेव्हा अंगात त्राण नव्हतं. चपला काढतोय तोच आईने तिची आवडती जुनी कादंबरी पुढे केली. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे तिला सध्या वाचता येत नाही, म्हणून रोज मीच वाचून दाखवतोय. आज शेवटचं प्रकरण होतं.

जांभया देत वाचत होतो. वादळात होडी उलटते आणि नायक बुडतो.

"न्हाय," आई म्हणाली, "तो परत येतो."

"अगं, इथे छापलंय, बुडाला म्हणून."

"छापू दे. राई गावात तुझा आजा दर्यावर गेला की आजी सुकट निवडत बसायची आन् मला हे वाचायला लावायची. तिला वाचता येत न्हवतं. तिच्यासमोर कसा बुडवू त्याला? दर येळी परत आणला."

लहानपणी मलाही तिने हाच शेवट सांगितला होता. मी पुस्तकात कधी बघितलंच नव्हतं.

"वाच आता नीट," आई म्हणाली.

इतका दमलो होतो, तरी पुस्तक मिटून त्याला किनाऱ्यापर्यंत आणलं. बुडवायची हिंमतच झाली नाही. तुमची झाली असती?