न शिवलेला कावळा

आमच्या तापीकाठच्या घरात सुनेला महिन्यातून चारच दिवस मोकळे मिळत. कावळा शिवला की तिनं ओट्याच्या कोपऱ्यात गोणपाटावर बसायचं. चूल बंद, पाण्याचे हंडे बंद, देव बंद. शेतात जायला मात्र मुभा, कारण कापसाला विटाळ होत नाही असं सोयीचं शास्त्र आमच्याकडे होतं. बाकीचे सव्वीस दिवस मी चुलीसमोर. शेजारी जायचं तरी सासूबाईंना विचारून.

सन साठ-पासष्टच्या सुमाराची गोष्ट. तिसऱ्या मुलीनंतर माझ्या अंगावरून सारखं पांढरं जाऊ लागलं, वास येऊ लागला. माझी आई अशाच दुखण्यानं गेली होती. शेवटी शेवटी तिच्या खोलीत कोणी जात नसे. माझी धाकटी तेव्हा दोन वर्षांची होती, आणि मी गेले तर या मुलींना कोण बघणार, एवढाच विचार डोक्यात घोळत असे. पोरांना लस टोचायला येणाऱ्या नर्सबाईंना एकदा हळूच विचारलं. त्या म्हणाल्या, शहाद्याच्या दवाखान्यात बाजाराच्या दिवशी डॉक्टरीणबाई येतात, पिशवीच्या तोंडाशी काही वाईट आहे का ते काचेच्या पट्टीवर घेऊन मुंबईला तपासायला पाठवतात.

पुढच्या महिन्यात बाजूला बसले तेव्हा बाजाराचा दिवसही त्यातच आला. कापूस वेचायला म्हणून निघाले आणि शेतातून आडवाटेनं सडकेवर जाऊन एसटी पकडली. स्वतःच्या हुशारीवर मी भलतीच खूश होते.

डॉक्टरीणबाईंनी एकच प्रश्न विचारला, "पाळी कधी आली?"

"काल."

"मग आज काही उपयोग नाही. रक्त असलं की पट्टीवर नीट दिसत नाही. सुरू झालेल्या दिवसापासून मोजा आणि दहा-बारा दिवसांनी या." मग हात धुता धुता म्हणाल्या, "आणि घरात कोणा म्हातारीची पाळी जाऊन पुन्हा लाल दिसलं, तर मात्र दिवस मोजत बसू नका. त्याच दिवशी आणा."

येताना एसटीत मला रडू आलं आणि हसूही. ज्या दिवशी मी सुटायचे त्या दिवशी डॉक्टरला नको होते, आणि डॉक्टरला हवी तेव्हा मी चुलीला बांधलेली. बाईच्या जातीला एवढं बेमालूम कोंडायला कोणी बसून डोकं चालवलं असेल असं वाटत नाही. आपोआपच जमलं होतं.

पुढचा बाजार नवव्याच दिवशी येत होता; त्यानंतरचा आला तो सोळावा. आदल्या संध्याकाळी मी हातातलं पीठ धुतलं आणि कोपऱ्यात जाऊन बसले. कावळा शिवलाच नव्हता.

"इतल्या लवकर?" सासूबाईंनी विचारलं. माझा महिना त्यांच्या बोटांच्या पेरांवर माझ्याआधी भरत असे.

"व्हई गयं, माय," मी खाली मान घालून म्हटलं. त्या चुलीपुढे जाऊन बसल्या. चार दिवस मी त्यांच्या हातची, वरून टाकलेली भाकरी खाल्ली. पट्टी मुंबईला गेली.

खोटं महाग पडलं ते बारा-तेरा दिवसांनी. खरी पाळी आली. पंधरवड्यात पुन्हा बसले असते तर सासूबाईंनी खोदून खोदून विचारलं असतं. म्हणून बसलेच नाही. तसाच स्वयंपाक केला, देवापुढे दिवा लावला. भीती वाटली ती देवाची की सासूची, ते आज सांगता येत नाही.

पाळीच्या कापडाची घडी वाळत घालायला जागा नव्हती. गोठ्यामागं कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा ढीग होता, त्याच्या आड गेले. तिथं आधीच एक घडी वाळत होती. सासूबाईंच्या जुन्या लुगड्याची. डाग धुऊनही गेला नव्हता. त्यांची पाळी जाऊन सात-आठ वर्षं झाली होती.

मी वळले तर त्या मागंच उभ्या. माझ्या हातातल्या ओल्या घडीकडे बघत होत्या.

"कधीपाईन?" मी विचारलं.

"होळीपाईन."

"माय, तुमले दिन मोजाना नहीत. उद्याच चाला. डॉक्टरीणबाई तशी बोलनी."

"आनि घरमा काय सांगू? आठ महिना मी देवले शिवी ऱ्हायनू, चुल्हावर बसी ऱ्हायनू. रोजच रगत जास मन्हं. मंग काय जन्मभर कोपरामा बसू?" मग माझं मनगट घट्ट धरून म्हणाल्या, "तू मन्हं सांगशी, तं मी तुन्हं सांगसू."

मी गप्प बसले. धमकीला भ्याले, हे अर्धंच खरं. धमकी मिळाली म्हणून मला बरंही वाटलं, कारण आता गप्प राहायला कारण होतं. माझा निकाल चांगला आला होता, नर्सबाईंनी हळूच कानात सांगितलं होतं. माझ्या पोरी सुटल्या होत्या. रोज सकाळी वाटायचं आज नवऱ्याला सांगावं, आणि रोज भाकरी थापता थापता ते राहून जायचं. सासूबाईही समोर बसून भाजी चिरत. आम्ही दोघी एकमेकींशी इतक्या गोड कधीच वागलो नव्हतो.

संक्रांतीनंतर त्या अंथरुणाला खिळल्या. मग लपवण्यासारखं काही उरलं नाही. गाडीत गादी टाकून शहाद्याला नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, आता घरी न्या, जे मागतील ते खाऊ घाला.

परतताना तो बैल हाकत होता. मग मागं वळून मला म्हणाला, "तू दिनभर मायजोडे ऱ्हास. तुले काहीच समजनं नही?"

सासूबाईंचं डोकं माझ्या मांडीवर होतं. त्या जाग्या होत्या आणि माझ्याकडेच बघत होत्या.

"नही," मी म्हणाले.